घरभर एकच ऑफव्हाइट : बडोद्याच्या उन्हात, ओलीत आणि जुन्या भिंतींवर

शेडकार्ड हातात घेऊन खिडकीशी उभं राहायचं आणि टिचभर चौकोनावर बोट ठेवून ‘हाच घरभर’ म्हणायचं, ही बहुतेक घरांतली रीत. पण दुधावरच्या सायीसारखा हा मऊ पांढरा स्वतःचा रंग फार थोडा दाखवतो. फरशीचा, दिव्याचा, समोरच्या बंगल्याचा आणि खोलीत आधीपासून असलेल्या पांढऱ्या वस्तूंचा रंग तो उचलतो. म्हणून ऑफव्हाइट निवडताना आधी जमीन आणि दिवे बघायचे, कार्ड नंतर. आणि निवडीहून जास्त लक्ष द्यायचं ते रंगाखालच्या लांबीकडे (भिंत गुळगुळीत करणाऱ्या पुट्टीकडे) आणि ओलीकडे, कारण गडद रंगात खपून जाणारा डाग ऑफव्हाइटवर दारातूनच नजरेत भरतो.

झाक कुठली, ते आधी ओळखा

दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये मोजून थोडं थोडं रंगद्रव्य सोडतं. पिवळसर ऑफव्हाइटमध्ये साधारणपणे पिवळा ऑक्साइड, किंचित तांबडा ऑक्साइड आणि भडकपणा कमी करायला जरासा काळा असतो. तांबडा वाढला की रंग गुलाबीकडे झुकतो. पिवळ्याबरोबर काळा वाढला की हिरवट होतो. दोन्ही नसले की सरळ क्रीम. एकच चौकोन नुसता बघून हे कळत नाही. साधा ए-फोर कागद पसरा आणि त्यावर तीन-चार ऑफव्हाइट पट्ट्या शेजारी शेजारी ठेवा. कोणता गुलाबी, कोणता हिरवट, ते लगेच वेगळं होतं.

कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या वेबसाइटवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो. पडलेल्या उजेडापैकी रंग किती परत फेकतो, ते हा आकडा ० ते १०० मध्ये सांगतो. घरभर लावायचा असेल तर ७८ ते ८५ च्या आसपासचा रंग घ्या. ७० च्या खाली गेलात तर हॉलमध्ये छान दिसणारा रंग आतल्या पॅसेजमध्ये मातकट होतो. ८८-९० च्या वर तो जवळजवळ पांढराच, मग ऑफव्हाइटचा खटाटोप कशाला!

आता फरशी. बडोद्यातल्या जुन्या सोसायट्यांत कोटा दगडाची फरशी पुष्कळ आहे. कोटा हिरवट-करडा असतो आणि ऊन त्यावरून उसळून भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर तीच छटा टाकतं. अशा घरात हिरवट झाकेचा ऑफव्हाइट आजारी दिसतो. किंचित तांबड्या झाकेचा घ्या, पण उघड गुलाबी नको. कोट्यासमोर तो आणखीच गुलाबी वाटतो. आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर भिंत टाइलपेक्षा एक पायरी हलकी ठेवा. टाइलपेक्षा भिंत पिवळी झाली की सगळं घर पिवळं वाटतं. राखाडी मोझेक बहुतेक ऑफव्हाइटना सांभाळून घेतो. पांढऱ्या मकराणा संगमरवरावर मात्र पिवळेपणा अगदी कमी असलेलाच चालतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते खोलीतल्या शुभ्र वस्तूंकडे. यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) खिडक्या, एसी, मॉड्युलर स्विच, किचनचे चकचकीत पांढरे शटर, पडद्यांचं अस्तर. हे सगळे निळसर पांढरे असतात. त्यांच्या शेजारी पिवळसर ऑफव्हाइट लावला की भिंत नवी असूनही जुनी, धूर लागलेली वाटते, आणि दोष रंगाला दिला जातो. सागवानी दारं, पितळ, वेत, खादीचे पडदे, लाल ओटा असं घर असेल तर मोकळ्या मनानं उबदार शेड घ्या. शुभ्र वस्तू जास्त असतील तर पिवळेपणा निम्म्यावर आणा.

बडोद्याचं ऊन आणि घरातले दिवे

बडोदा साधारण २२.३ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडंसं खाली. जूनमध्ये दुपारी सूर्य इथे डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन जवळजवळ येत नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य जेमतेम ४४ अंशांवर असतो आणि ऊन खोलीत खोलवर शिरतं. एकच दक्षिणेची खोली मे महिन्यात फिकी आणि डिसेंबरात सोनेरी दिसते ती यामुळे. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पाचनंतर कुठलाही उबदार ऑफव्हाइट पिवळाधमक होतो. उत्तरेच्या खोलीत आकाशाचा निळसर उजेड तोच रंग थंड करतो. घरभर एकच शेड लावायची तर निवड पश्चिमेच्या खोलीत करा. तिथे सहन होणारा पिवळेपणा बाकी कुठेही जास्त होत नाही.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतली जुनी घरं वेगळी. समोर अरुंद, आत लांबच लांब, मधल्या खोलीला उजेड फक्त चौकातून. ‘अंधार आहे, म्हणून पांढरा लावा’ हा सल्ला तिथे हमखास मिळतो आणि तो चुकीचा आहे. उजेडच नसेल तर पांढरा परत काय फेकणार? तो राखाडी दिसतो. अशा खोलीत तोच उबदार शेड ठेवा आणि पैसे दिव्यांवर घाला.

दिव्यांचंही नीट पाहा. दिव्याचा उजेड किती पिवळा की निळसर ते केल्विनच्या आकड्यानं कळतं, आकडा जास्त तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनच्या ट्यूबलाइटखाली ऑफव्हाइटमधला पिवळा मरतो आणि फिका हिरवट-राखाडी उरतो. २७०० केल्विनखाली तोच रंग क्रीम होतो. राहत्या खोल्यांत ३००० आणि स्वयंपाकघरात, अभ्यासाच्या टेबलावर ४००० केल्विन बरे पडतात. बॉक्सवर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या आसपास असेल तर उत्तम, ८० च्या खाली घेऊ नका. एका खोलीत दोन वेगळ्या केल्विनचे दिवे लावले की एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात. घरभर एकच रंग लावल्यावर हा दोष जास्तच डोळ्यांत येतो.

नमुना जुन्या भिंतीवर लावू नका, आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डवर आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. ओलं इमल्शन (भिंतीचा पाण्यावरचा रंग) फिकं दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. तो बोर्ड भिंतीला टेकवून, खाली फरशीला लागून उभा करा आणि सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री दिवे लावून बघा. आडवा ठेवून बघितलेला नमुना उपयोगाचा नाही, कारण भिंतीवर उजेड तसा पडतच नाही.

छत, चमक, दारं

भिंती ऑफव्हाइट आणि छत दुकानातलं तयार शुभ्र पांढरं, हे सर्रास होतं. छताशेजारी भिंत मळकी दिसते आणि कोपऱ्यातली रेघ सरळ नसेल तर तीही उठून दिसते. जुन्या घरांत ती सरळ नसतेच. छतालाही तोच रंग लावा, मॅटमध्ये. फारच वाटलं तर मशीनवर तोच शेड अर्ध्या प्रमाणात करून घ्या.

घरभर एक शेड याचा अर्थ घरभर एक चमक असा नाही. बैठक आणि झोपायच्या खोल्यांत मॅट, कारण ते लांबीचे चढउतार झाकतं. पॅसेज, जिना, मुलांची खोली आणि स्वयंपाकघर यांना त्याच शेडमध्ये सॅटिन किंवा हलक्या चमकीचं धुण्याजोगं इमल्शन. फोडणीची वाफ तेलाचा पातळ थर सोडते. मॅटवर तो पुसायला गेलं की घासलेली जागा चमकते आणि डागापेक्षा ते जास्त वाईट दिसतं. सॅटिनवर साबणाच्या पाण्याचा मऊ फडका पुरतो. देवघरामागे समईची काजळी बसणारच, त्यामुळे तिथे दोन फुटांचा संगमरवराचा किंवा टाइलचा तुकडा बसवून टाका. दर चार महिन्यांनी टच-अप करण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

दारं-चौकटींना ऑफव्हाइट ऑइलपेंट लावणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. तेलाचा रंग उजेडाविना पिवळा पडतो. कपाटाच्या आतली बाजू, उघड्या दाराच्या मागची बाजू आणि सदैव पडदा असलेली चौकट वर्षा-दोन वर्षांत बाकीच्यापेक्षा पिवळी होते. अमोनियाचे क्लीनर वापरले तर आणखी लवकर. पाण्यावरचं इनॅमल घेतलं तर हा त्रास जवळजवळ नाही. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून वॉटरपेपरनं ओलं घासायचं, चिखल फडक्यानं टिपून फेकायचा आणि लहान मुलांना त्या दिवशी दूर ठेवायचं.

रंगाखालची भिंत

भिंत ओली असेल तर कितीही महागाचा डबा आणा, काही उपयोग नाही. एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि चोवीस तासांनी काढा. आतल्या बाजूला दंव दिसलं किंवा भिंत काळवंडली तर पाणी भिंतीतून येतंय. आधी ते थांबवा. बाथरूमची ट्रॅप, गच्चीची नळी, बाहेरच्या भिंतीची भेग, एसीच्या पाइपचं भोक : बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी असतं. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. पावसाळ्यात तेवढेही पुरत नाहीत.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या असंख्य भिंती पाणी प्याल्या. अशी भिंत वरून वाळलेली दिसली तरी विटांत क्षार राहतात. पुढच्या हिवाळ्यात भिंत वाळताना ते पृष्ठभागावर येतात, लोणा धरतो, रंगाचे पोपडे सुटतात. पाण्याची जिथवर पातळी होती तिथे तपकिरी रेघ उमटते आणि ऑफव्हाइटचे दोन काय, चार हात मारले तरी ती परत वर येते, कारण डाग पाण्यात विरघळणारा असतो आणि इमल्शनमधलं पाणीच त्याला वर खेचतं. यावर उपाय ठरलेला आहे. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा. धुवायचा नाही, धुतला की क्षार पुन्हा आत जातात. आठवड्यानं पुन्हा झाडायचा आणि नवा येणं थांबेपर्यंत थांबायचं. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर रेघेच्या वर एक फुटापर्यंत खरवडून नवा करायचा. मग डागाच्या पट्ट्यावर पाण्याचा नाही, सॉल्व्हंटवरचा प्रायमर मारायचा आणि त्यावर नेहमीचं काम. पण हा प्रायमर पूर्ण वाळलेल्या भिंतीवरच. ओल कोंडली तर तो फुगे धरून सुटतो.

जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्याची गोष्ट आणखी वेगळी. तो मऊ असतो आणि ओल शोषून बाहेर सोडतो. त्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आणि वर चमकदार इमल्शन चढवलं की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते आणि एखाद्या पावसाळ्यानंतर थाळीएवढे पोपडे गिलाव्यासकट खाली येतात. अशा भिंतीला चुनाच द्या. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी, चोवीस तास मुरवायचं, फडक्यातून गाळायचं, कोमट पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घालायचा. शुभ्र हवा असला की लोक नीळ घालतात. मऊ ऑफव्हाइट हवा तर नीळ नको, पिवडी (पिवळी माती) घाला, गाळून, चमच्याचमच्यानं. वाटलंच तर गेरूची चिमूट. चुना ओला असताना पिवडी भडक दिसते आणि वाळल्यावर कितीतरी फिकी होते, म्हणून रंग दुसऱ्या दिवशीच ठरवायचा. पातळ तीन हात द्यायचे, जाड दोन नाही. कळी भिजवताना ती उकळते, तेव्हा प्लॅस्टिकची बादली वापरू नका आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. सागवानी खांब आणि चुन्याची पिवळसर भिंत यांच्या जोडीला इमल्शनमधला एकही शेड पुरा उतरत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माप आणि हात

१० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली घ्या. भिंतींची बेरीज ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार २१ आणि ४ बाय ४ ची खिडकी १६ वजा केली की ४०३ उरतात. छताचे १२० धरून ५२३. चांगलं इमल्शन गुळगुळीत लांबीवर दोन हातांना लिटरमागे १०० ते १४० चौरस फूट जातं. मधला १२० धरला तर साडेचार लिटरच्या आत-बाहेर लागेल, म्हणजे चार लिटरचा डबा शेवटच्या भिंतीवर संपणार. ७५० चौरस फूट कार्पेटच्या फ्लॅटला छतासकट साडेतीन पट धरा : २६२५ चौरस फूट, सुमारे २२ लिटर. तेव्हा २० ची बादली आणि ४ चा डबा, एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच बॅचचे घ्या.

इथे एक बारीक गोम आहे. ऑफव्हाइटमध्ये रंगद्रव्य इतकं थोडं पडतं की लिटरच्या डब्यात मशीनला अगदी नगण्य मात्रा सोडावी लागते आणि ती वर-खाली होते. त्यामुळे छोटा डबा आणि मोठी बादली तंतोतंत जुळत नाहीत. रंगाऱ्याला सांगून सगळे डबे एका मोठ्या पिंपात ओतून, काठीनं तळापासून ढवळून एकजीव करून घ्या. चमक वेगळी असलेले डबे अर्थातच वेगळे. ते जुळले नाहीत तर चौकटीपाशी किंवा भिंतीच्या कोपऱ्यात रंग बदला, भिंतीच्या मधोमध कधीही नाही.

जुनं डिस्टेंपर ओल्या हातानं घासून बघा. हाताला पांढरं लागलं तर ते सगळं खरवडायचं, नाहीतर वरचं इमल्शन त्याच्यासकट सुटेल. बीम आणि विटांच्या सांध्यातली भेग नुसती भरली तर परत उघडते, त्यावर फायबरची जाळी हवी. लांबीचे दोन पातळ थर द्या, मिळून दीड-दोन मिलिमीटरच्या पुढे नको. वरचा ७५० फुटांचा सगळा फ्लॅट नव्यानं भरायचा असेल तर किलोला १५ चौरस फूट धरून ४० किलोच्या साडेचार गोण्या लागतील. घासायला आधी १८० नंबरचा पेपर, शेवटी ३२० चा. मग प्रायमर. प्रायमर वाळला की खोलीत अंधार करून बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी फिरवा. पट्टीचे ओरखडे, खळगे, राहून गेलेली टोकं, सगळं दिसतं. पेन्सिलनं खुणा करा, तेवढंच भरा, घासा आणि त्या जागी पुन्हा प्रायमर लावा. हा शेवटचा प्रायमर बहुतेक कारागीर चुकवतात. नुसती लांबी रंगातलं बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट भाग) शोषते आणि ते ठिपके निस्तेज दिसतात, दुसऱ्या हातानंतरही.

पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. बऱ्याच इमल्शनना लिटरला ४०० ते ४५० मिली. रंग पुरवायला पाणी वाढवलं की झाकण्याची ताकद जाते आणि मग तिसरा हात लागतो, म्हणजे वाचलं काहीच नाही. मेजरिंग जग रंगाऱ्याच्या हातात तुम्हीच द्या. दोन हातांत किमान चार ते सहा तास. दमट हवेत दुसरा हात सरळ दुसऱ्या दिवशी.

कडा ब्रशनं कापायच्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवायचा. सगळ्या खोलीच्या कडा सकाळी आणि रोलर दुपारी असं केलं तर भिंतीभोवती गडद चौकट दिसते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत दुपारी तापलेली असते, रंग रोलरखालीच वाळतो आणि पट्टे उठतात. ती सकाळी रंगवा. एक भिंत अर्धी सोडून चहाला जायचं नाही, हे ठरवूनच घ्या. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत सगळ्यांनाच रंगारी हवे असतात, भिंतींत पावसाळ्याची ओल असते आणि दोन हातांमधला वेळ कापला जातो. शक्य असेल तर काम डिसेंबर-जानेवारीत काढा. भिंती कोरड्या, कारागीर निवांत.

उरलेला लिटरभर रंग मोठ्या डब्यात तळाशी ठेवू नका, त्यावर साय धरते. घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा आणि वर शेडचा कोड, बेस, चमक, बॅच नंबर, तारीख आणि खोली लिहा. ओरखड्यावर टच-अप करायचा तर पहिल्या वर्षभरातच, त्याच रोलरच्या लहान तुकड्यानं. ब्रशचा ठिपका वेगळा दिसतो. त्यानंतर भिंतीचा रंग उन्हानं आणि धुळीनं इतका बदललेला असतो की ठिपका लपत नाही, तेव्हा ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा. कोपऱ्यात उजेडाची दिशा बदलते, त्यामुळे तिथला थोडा फरक कोणाच्या लक्षात येत नाही.